बिस्कोच्या पापुद्र्यांतून टेराहर्ट्झ: ०.६५ टेराहर्ट्झच्या उत्सर्जकाचं डिझाइन, कागदापासून क्रायोस्टॅटपर्यंत

टेराहर्ट्झ लहरी (सेकंदाला लाख कोटी आंदोलनांच्या घरातल्या) सोडणाऱ्या अतिसंवाहक उत्सर्जकाचं डिझाइन करायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत वारंवारता ठरते. पुढचे सहा महिने त्यातून निघणारी उष्णता कुठे घालवायची, यात जातात. बहुतेक प्रबंध वारंवारतेवर पानंच्या पानं लिहितात आणि उष्णता एका परिच्छेदात उरकतात. या लेखात मी ते माप उलटं केलं आहे.

वाचक भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे, त्याला लिथोग्राफीची (प्रकाशाने सूक्ष्म नक्षी उमटवण्याची) तोंडओळख आहे आणि द्रव हेलियम किंवा बंद चक्राचा कूलर हाताशी आहे, असं मी धरून चाललोय.

आधी साहित्य निवडा

१९६२ साली केंब्रिजमध्ये बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने गणिताने दाखवलं की दोन अतिसंवाहकांच्या मधे पातळसा विसंवाहक थर असेल आणि त्यावर स्थिर व्होल्टेज ठेवलं, तर आत उलटसुलट प्रवाह वाहतो. त्याची वारंवारता फक्त व्होल्टेजवर ठरते. एका मिलिव्होल्टला ४८३.६ गिगाहर्ट्झ. धातू कोणता, तापमान किती, आकार केवढा, कशाचाही संबंध नाही. डीसी आत, टेराहर्ट्झ बाहेर, इतकं सरळ. या भाकितासाठी त्याला १९७३ साली नोबेल मिळालं.

मग असे उत्सर्जक बाजारात किलोच्या भावाने का मिळत नाहीत? अशा एकाच जोडातून, म्हणजे जंक्शनमधून, निघणारी शक्ती नगण्य असते, हे एक कारण. दुसरं म्हणजे निओबियमसारख्या नेहमीच्या अतिसंवाहकाचं ऊर्जा-अंतर (अतिसंवाहकता मोडायला लागणारी ऊर्जा) साधारण २.८ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचं, म्हणजे ०.७ टेराहर्ट्झच्या आसपास त्याची हद्द संपते. त्यापुढे धातू स्वतःच लहरी गिळू लागतो. निओबियम टाकाऊ आहे असं नाही. त्यापासून बनवलेला फ्लक्स-फ्लो ऑसिलेटर (लांबट जोसेफसन जंक्शनचा उत्सर्जक) 'टेलिस' नावाच्या उपकरणात बसून बलूनमधून वातावरणाचा अभ्यास करून आला आहे. पण त्याला ४ केल्विन लागतं. मोठी शक्ती किंवा थोडं उबदार तापमान हवं असेल, तर बिस्कोकडे वळायचं.

बिस्को म्हणजे बिस्मथ-स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम-कॉपर-ऑक्साइड, त्यातलाही २२१२ हा प्रकार. सुमारे ८५ ते ९० केल्विनखाली तो अतिसंवाहक होतो. त्याच्या अंगातच जंक्शनं आहेत, ही खरी मौज. ०.३ नॅनोमीटरचा कॉपर-ऑक्साइडचा अतिसंवाहक थर, त्यावर १.२ नॅनोमीटरचा जवळजवळ विसंवाहक थर, परत अतिसंवाहक थर, अशी स्फटिकाची रचनाच आहे. चिरोट्याला पदर सुटावेत तशी. दर १.५३ नॅनोमीटरला एक जंक्शन, आणि ती बनवायला कारखाना लागत नाही. हे थर खरोखर जोसेफसन जंक्शनसारखे वागतात, हे १९९२ साली राइनहोल्ड क्लाइनर आणि पॉल म्युलर यांनी जर्मनीत दाखवलं. पण सगळे पदर एका सुरात गाऊन मोजता येण्याजोगी टेराहर्ट्झ लहर बाहेर टाकतात, हे दिसायला २००७ उजाडलं. अमेरिकेतली आर्गोन प्रयोगशाळा, जपानमधलं त्सुकुबा विद्यापीठ आणि तुर्कस्तानातलं इझमीर यांचा तो एकत्रित प्रयोग. शक्ती अर्ध्या मायक्रोवॅटपर्यंत आणि वारंवारता ०.८५ टेराहर्ट्झपर्यंत. पुढचं सगळं त्याच रचनेवर उभं आहे.

वारंवारता ठरवताना हवेला विचारा

'साधारण अर्धा टेराहर्ट्झ करू या' असं म्हणून सुरुवात करू नका. पाण्याची वाफ या पट्ट्यात ठिकठिकाणी भिंती उभ्या करते. सगळ्यात जाड भिंत ०.५५७ टेराहर्ट्झवर, मग ०.७५२ वर आणि ०.९८८ वर. ०.६२ च्या जवळही एक छोटी आहे. तुमचा उत्सर्जक नेमका ०.५५७ वर सूर लावून बसला, तर नमुना थंड ठेवणाऱ्या क्रायोस्टॅटच्या खिडकीपासून डिटेक्टरपर्यंतच्या दोन हातांत दमट दिवशी सिग्नलचा बराचसा भाग हवाच पिऊन टाकेल. तुम्ही मात्र उत्सर्जकाला शिव्या देत बसाल. आपण ०.६५ टेराहर्ट्झ घेऊ. दोन्ही मोठ्या भिंतींच्या मधली ही मोकळी जागा आहे. दुर्बिणवालेही याच खिडकीतून बघतात.

कागदावरचं गणित

आता दहा मिनिटांचं काम.

एका जंक्शनवर किती व्होल्टेज? ०.६५ भागिले ०.४८३६, म्हणजे १.३४ मिलिव्होल्ट.

जंक्शनं किती? मेसा १ मायक्रोमीटर उंच ठेवला, तर १००० भागिले १.५३, म्हणजे सुमारे ६५३. ती सगळी एकामागोमाग एक जोडलेली आहेत, म्हणून एकूण व्होल्टेज ०.८८ व्होल्ट. टेबलावरच्या साध्या पुरवठ्यातून मिळणारा आकडा.

'मेसा' हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी: वरून सपाट आणि कडेने तुटलेला डोंगर. पाचगणीचं टेबललँड डोळ्यांसमोर आणा आणि ते मायक्रोमीटरमध्ये आकसवा. स्फटिकाच्या पृष्ठभागावर कोरलेला असा आयताकृती कट्टा म्हणजे आपला उत्सर्जक.

रुंदी किती? इथे जोसेफसनच्या नियमाला दुसरा नियम येऊन मिळतो. शेकडो जंक्शनांना एका तालावर आणायला कोणीतरी ताल धरावा लागतो. ते काम मेसा स्वतः पोकळी बनून करतो. लहर कट्ट्याच्या आत दोन लांब कडांच्या मधे आपटत राहते आणि रुंदीत अर्धी तरंगलांबी नेमकी बसली की अनुनाद होतो. बिस्कोचा अपवर्तनांक ४.२ धरा. मोकळ्या हवेत ०.६५ टेराहर्ट्झची तरंगलांबी ४६१ मायक्रोमीटर, बिस्कोच्या आत ११०, आणि तिची अर्धी ५५. म्हणून रुंदी ५५ मायक्रोमीटर. लांबी ३०० घ्या. मूळच्या २००७ च्या मेसांची लांबीही तेवढीच होती. लांबीने वारंवारता ठरत नाही, शक्ती थोडीफार ठरते.

चकती हवी असेल तर त्रिज्या साधारण ३२ मायक्रोमीटर येईल. क्योटोच्या गटाने चौरसाचे समोरासमोरचे कोपरे छाटून वर्तुळाकार ध्रुवणही मिळवलं आहे. पहिल्या प्रयत्नात आयतच करा. आयत चुकला तर का चुकला हे कळतं, चकतीबाबत तेवढं सोपं नसतं.

म्हणजे दोन अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत. व्होल्टेजने सांगितलेली वारंवारता आणि रुंदीने सांगितलेली वारंवारता यांचा मेळ बसला, तरच ६५३ जण एकत्र गातात. मेळ अगदी काटेकोर असावा लागत नाही, पोकळी तशी ढिलीच असते. पुढे दिसेल की प्रवाह आणि तापमान बदलून बरंच इकडे-तिकडे सरकता येतं.

खरा शत्रू

आता उष्णता. लेखाचा हा भाग घाईत वाचू नका.

वर काढलेल्या मेसाचं क्षेत्रफळ ३०० गुणिले ५५ चौरस मायक्रोमीटर. उत्सर्जनाच्या वेळी प्रवाह १७ मिलिअँपिअर धरला, तर ०.८८ व्होल्टला शक्ती १५ मिलिवॅट. ऐकायला किरकोळ. पण एवढ्याशा जागेवर ती दर चौरस सेंटिमीटरला ९० वॅटच्या आसपास जाते. घरातली दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात, वर वीस सेंटिमीटरचं पातेलं, तरी दर चौरस सेंटिमीटरला सहा-साडेसहा वॅटच होतात. आपला कट्टा त्याच्या चौदा पट तापतोय, आणि तोही ज्याला ८५ केल्विनच्या वर जायची परवानगी नाही असा.

भरीला बिस्को थरांना छेदून जाणाऱ्या दिशेने उष्णता अतिशय वाईट वाहून नेतो. सिरॅमिकच तो, त्यात मधे विसंवाहक पापुद्रे.

यापेक्षा चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. या दिशेचा बिस्कोचा विद्युत रोध तापमान वाढलं की कमी होतो. म्हणजे मेसाचा एखादा कोपरा थोडा तापला, की तिथला रोध घटतो, मग प्रवाह तिकडेच वळतो, कोपरा आणखी तापतो. आगीत तेल. शेवटी मेसाच्या एका भागाचं तापमान संक्रमण तापमानाच्या (जिथे अतिसंवाहकता संपते त्याच्या) वर जातं आणि बाकीचा भाग थंडच राहतो. याला हॉट स्पॉट म्हणतात. २००९-१० मध्ये ट्यूबिंगेनच्या गटाने लेसर फिरवून हे तापलेले डाग प्रत्यक्ष दाखवले. नंतर आर्गोनमध्ये मेसावर युरोपियमच्या संयुगाचा पातळ थर देऊन त्याच्या चमकेवरून तापमानाचे नकाशे काढले गेले. जिथे तापलं तिथे चमक मंद होते. ते फोटो एकदा बघाच. आपल्या सुबक आयताच्या एका टोकाला काळा डाग पडलेला दिसला की डिझाइनकडे बघायची नजर बदलते.

हॉट स्पॉट वाईटच असतो असंही नाही. त्या अवस्थेत लहरीची रेषारुंदी (वारंवारतेचा पसारा) खूप कमी होते. २०१२ मध्ये मोजलेली सर्वांत अरुंद रेषा सुमारे २३ मेगाहर्ट्झची होती, तर कमी प्रवाहाच्या अवस्थेत ती शेकडो मेगाहर्ट्झ असते. पण त्यासाठी डाग कुठे पडणार हे तुमच्या हातात हवं.

डिझाइनमध्ये याचा अर्थ असा:

पहिलं, स्फटिकात ऑक्सिजन थोडा कमी ठेवा. जवळजवळ विनाऑक्सिजन वातावरणात सहाशे-साडेसहाशे अंश सेल्सिअसला काही तास भाजला, की क्रांतिक प्रवाह (व्होल्टेज न येता जंक्शनमधून जास्तीत जास्त वाहू शकणारा प्रवाह) उतरतो आणि उष्णताही उतरते. या दिशेचा क्रांतिक प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला १०० ते २०० अँपिअरच्या घरात आला की बरं. नवशिके संक्रमण तापमान जास्तीत जास्त मिळावं म्हणून उलट ऑक्सिजन भरत बसतात आणि मग मेसा तव्यासारखा तापतो. २२१२ चे चांगले स्फटिक फ्लोटिंग झोन भट्टीत तासाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वेगाने वाढवतात, त्यामुळे ते स्वतः करायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. ज्याची भट्टी आहे त्याच्याकडून घ्यायचे, भाजणं मात्र स्वतः करायचं.

दुसरं, मेसाच्या बुडाखालचा स्फटिक जाड ठेवू नका. उष्णतेला खाली तांब्यापर्यंत जायचं असतं आणि मधला प्रत्येक मायक्रोमीटर अडथळा असतो. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बुडाचा स्फटिक पूर्ण काढून टाकायचा आणि मेसा दोन्ही बाजूंनी सोन्याच्या थरात धरून नीलमणीच्या पातीवर बसवायचा. सँडविच म्हणतात याला. २०१५ च्या सुमारास अशा रचनेने द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनलाही उत्सर्जन दाखवलं. बनवायला ती किचकट आहे. पहिला मेसा साध्या बुडाचाच करा.

तिसरं, प्रवाह कुठून आत शिरतो ते विचारपूर्वक ठरवा. तार जिथे टेकते त्याच्या आसपास डाग पडण्याचा कल असतो. तार एका टोकाला ठेवली तर डाग त्या टोकाला अडकतो आणि दुसरं टोक थंड राहून गातं. मी नेहमी टोकालाच ठेवतो.

हाताचं काम

स्फटिकाचा तुकडा चांदीच्या पेस्टने किंवा इपॉक्सीने पातीवर चिकटवा. मग चिकटपट्टी लावून झटकन वर ओढा. अभ्रकाचा पापुद्रा निघावा तसा वरचा थर पट्टीबरोबर येतो आणि खाली आरशासारखा काळा पृष्ठभाग उघडा पडतो. तिरक्या प्रकाशात बघा. पायऱ्या किंवा रेघा दिसल्या तर पुन्हा ओढा. बिनपायरीचा अर्धा मिलिमीटरचा तुकडा मिळेपर्यंत मला कधी दोन ओढी लागतात, कधी वीस.

मिळाला की धावा. हे मी अक्षरशः म्हणतोय. उघडा पृष्ठभाग हवेतला ओलावा लगेच धरतो आणि त्यावरच्या संपर्काचा रोध वाढतो. काही मिनिटांत नमुना निर्वात कक्षात जाऊन त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा काही दशक नॅनोमीटरचा थर चढला पाहिजे. माझा पहिला मेसा मीच असा मारला. पावसाळ्यात संध्याकाळी स्फटिक ओढला, पंप गार व्हायची वाट बघत चहाला गेलो, आणि परत आल्यावर 'एवढ्याने काय होतंय' म्हणून तसाच पुढे रेटला. शेवटी संपर्काचा रोध इतका निघाला की मेसाच्या व्होल्टेजपेक्षा संपर्काचंच व्होल्टेज मी मोजत होतो.

नंतर लिथोग्राफी आणि आर्गॉन आयन मिलिंग (आर्गॉनच्या आयनांचा मारा करून कोरणं). सलग मिलिंग करू नका. थोडं चालू, थोडं बंद, असं केलं नाही तर रेझिस्ट (लिथोग्राफीतला झाकणारा थर) करपून कायमचा चिकटतो आणि बिस्कोतला ऑक्सिजनही हलतो. वेग आधी टाकाऊ तुकड्यावर मोजा आणि शेवटची उंची एएफएमने (अणुबल सूक्ष्मदर्शकाने) तपासा. उंचीतली चूक म्हणजे जंक्शनांच्या संख्येतली चूक, आणि ती पुढच्या प्रत्येक आकड्यात शिरते.

मिलिंगने कडा उभ्या येत नाहीत, खाली पसरट होतात. टेबललँडपेक्षा ढिगाऱ्यासारख्या. वरचं जंक्शन ५० मायक्रोमीटरचं आणि खालचं ६० चं असेल, तर त्यांचे क्रांतिक प्रवाह वेगळे आणि त्यांना एका तालावर आणणं अवघड. उतार जितका कमी तितकं बरं. गणितात सरासरी रुंदी धरा. कडेवर कॅल्शियम फ्लोराइडचा किंवा पॉलिइमाइडचा विसंवाहक पट्टा द्या आणि त्यावरून सोन्याची पट्टी मेसाच्या माथ्यावर न्या.

चालू करणं

मेसा क्रायोस्टॅटच्या तांब्यावर घट्ट बसवा. खिडकी जाड पॉलिइथिलीनची चालेल, आत अवरक्त अडवणारी काळी पॉलिइथिलीनची चकती ठेवा. तारा वरून सरळ खाली आणू नका, मधल्या थंड पायऱ्यांवर गुंडाळत आणा.

सुरुवात ३० केल्विनच्या आसपास करा. उत्सर्जन साधारण २० ते ५० केल्विनमध्ये चांगलं मिळतं. प्रवाह हळूहळू वाढवा. एका क्षणी जंक्शनं एकामागून एक रोधी अवस्थेत उडी मारतात आणि व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढतं. सगळी उडाली की प्रवाह उतरवायला लागा. व्होल्टेज त्याच वाटेने परतत नाही, वेगळ्या फांदीवरून उतरतं. उत्सर्जन बहुतेकदा याच परतीच्या फांदीवर, पुन्हा कोसळण्याच्या जरा आधी मिळतं. चढताना काही दिसलं नाही म्हणून प्रयोग सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत.

डिटेक्टर म्हणून सिलिकॉन बोलोमीटर (आलेल्या लहरीची ऊब मोजणारा) किंवा इंडियम अँटिमोनाइडचा हॉट-इलेक्ट्रॉन बोलोमीटर, समोर चॉपर (लहर ठराविक तालात अडवणारी फिरती चकती), मागे लॉक-इन (फक्त त्या तालातला सिग्नल वेचणारा अॅम्प्लिफायर). डिटेक्टर अगदी समोर ठेवू नका. आयताकृती मेसाचा जोर डोक्याच्या सरळ वर नसून वीस-तीस अंश कलून असतो, म्हणून कोन फिरवून बघा.

हे खरंच टेराहर्ट्झ आहे का?

बोलोमीटरला नुसती ऊबही कळते, आणि तुमच्याकडे ऊब भरपूर आहे. म्हणून तीन तपासण्या. समोर तारांची जाळी धरून फिरवा. खरी लहर रेषीय ध्रुवित असते, नव्वद अंशांत सिग्नल पडला पाहिजे. ऊब पडत नाही. दुसरी, सिग्नल प्रवाहाबरोबर संथपणे न वाढता ठराविक व्होल्टेजला टोक काढतो का ते बघा. तिसरी आणि निर्णायक: फूरिए स्पेक्ट्रोमीटरने वारंवारता मोजा आणि व्होल्टेज भागिले जंक्शनांची संख्या याच्याशी ताडून बघा.

इथे संपर्काचा रोध फसवतो. दोन तारांनी मोजताना ५ ओहमचा संपर्क आणि १२ मिलिअँपिअर प्रवाह असेल, तर ६० मिलिव्होल्ट फुकटचे मिळतात. ०.८८ व्होल्टच्या मोजणीत ही सात टक्क्यांची चूक आहे. आधी संपर्काचा रोध काढा, मग वजा करा. तरीही हिशोब जुळत नसेल, तर काही जंक्शनं उडालेलीच नाहीत असा संशय घ्या. ६५३ ऐवजी ६०० धरल्यावर मेळ बसतो का, ते बघा.

वारंवारता बदलायची असेल तर प्रवाह आणि तापमान हे दोन कान पिळायचे. २०१५ मध्ये त्सुकुबाच्या गटाने एकाच चकतीतून ०.५ ते २.४ टेराहर्ट्झपर्यंत मजल मारली, आणि २०१७ मध्ये स्टॉकहोममधल्या छोट्या मेसांनी १ ते ११ टेराहर्ट्झचा पल्ला दाखवला. छोटा मेसा कमी तापतो, त्यामुळे त्याला जास्त व्होल्टेज सोसतं. शक्ती हवी असेल तर वाट वेगळी: २०१३ मध्ये आर्गोनमध्ये एकाच स्फटिकावरचे तीन मेसे एकत्र गायला लावून ०.५१ टेराहर्ट्झला ६१० मायक्रोवॅट मिळाले. पण तीन मेसे म्हणजे तिप्पट उष्णता एकाच बुडावर. एक मेसा तीनदा थंड-गरम करूनही तोच आकडा देत असेल, तरच तिकडे वळा.

थंड-गरम करताना एक सवय लावून घ्या. प्रवाह शून्यावर आणा, मेसाच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा, मगच पुरवठ्याची वायर काढा. हातातल्या स्थिर विजेची एक ठिणगी ६५३ पापुद्रे एका झटक्यात शिवून टाकते. माझा तिसरा मेसा तसाच गेला, ०.६४ वर छान गात असताना.